दरडीवर लक्ष ठेवणाऱ्या रडारसाठी कुठला हॉर्न लावावा : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

काम काय आहे ते एकदाच लिहून टाकतो, नंतर थिअरी नाही. डोंगराच्या उतारासमोर एक सरळ रूळ बसवायचा, त्यावर दोन हॉर्न (कर्ण्यासारखे पसरट अँटेना, एक लाटा पाठवणारा, एक परत घेणारा) असलेली गाडी सरकवायची, दर थांब्यावर मोजणी घ्यायची आणि सगळ्या मोजण्या जोडून उताराचं रडार-चित्र बनवायचं. थोड्या वेळाने परत तेच. दोन चित्रांमधल्या फेजच्या (लाट तिच्या चक्रात कुठे आहे ते, अंशांत) फरकावरून उतार किती पुढे सरकला ते कळतं.

फ्रिक्वेन्सी १७.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १७.४ मिमी. इथे उतार १ मिमी सरकला की फेज साधारण ४१ अंश फिरते. हा आकडा लक्षात ठेवा, खाली सगळा हिशोब त्याच्यावरच आहे. ४ अंश गडबड झाली की ०.१ मिमी गेलाच.

ह्या कामात मिमीच्या अंशावरून भांडायचं कारण सरळ आहे. मोठी दरड बहुतेक वेळा कोसळायच्या आधी हळूहळू सरकत असते आणि मग वेग वाढत जातो. अमेरिकेत युटामधल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत १० एप्रिल २०१३ ला अवाढव्य दरड कोसळली, पण भिंत सरकतेय हे आधीपासून मोजलं जात होतं म्हणून माणसं अगोदरच बाहेर काढली होती आणि एकही जीव गेला नाही. त्यामुळे रडारने खोटं सरकणं दाखवलं तर लोकांचा विश्वास उडतो, आणि खरं सरकणं झाकलं गेलं तर काय होतं ते सांगायला नको.

सेटअप असा: रडार म्हणून व्हीएनएच (सिग्नल पाठवून परत आलेल्याची ताकद आणि फेज मोजणारं यंत्र) वापरतोय, स्टेप फ्रिक्वेन्सी पद्धतीने, म्हणजे फ्रिक्वेन्सी पायरीपायरीने बदलत. बँडविड्थ २०० मेगाहर्ट्झ, त्यामुळे अंतराचं रिझोल्यूशन ०.७५ मीटर. ४०१ पॉइंट, म्हणजे ५०० किलोहर्ट्झची पायरी, म्हणजे ३०० मीटरपर्यंतचंच अंतर बिनगोंधळाचं मिळतं. उतार २०० मीटरवर आहे, पुरतं. रूळ १.२ मीटर, दर ४ मिमीला थांबा. हॉर्न जमिनीपासून १.२ मीटर उंच, आणि रडारसमोर दहाएक मीटर सपाट काँक्रीट, त्यापुढे उंच गवत. हे काँक्रीट पुढे फार महत्त्वाचं ठरणार आहे.

उतारावर न हलणाऱ्या खडकाला ३० सेंटिमीटर बाजूचे दोन कॉर्नर रिफ्लेक्टर बोल्टने घट्ट केलेत, एक १० मीटर उंचीवर आणि एक ३० मीटरवर. ह्या आकाराच्या रिफ्लेक्टरचा रडार क्रॉस सेक्शन (रडारला तो केवढा दिसतो ते माप) ११० चौरस मीटरच्या आसपास येतो, मागच्या झाडाझुडपांतून आरामात उठून दिसतो. दोन्ही हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातला फेजचा फरक कायम सारखा राहिला पाहिजे. कुठला हॉर्न चांगला ह्याची माझी कसोटी एवढीच.

२० जानेवारी

उमेदवार ठरवले.

पहिला, तयार मिळणारा पिरॅमिडल (चौकोनी तोंडाचा) हॉर्न, गेन २० डीबीआय (गेन म्हणजे एका दिशेला सिग्नल किती एकवटतो, डीबीआय हे त्याचं एकक). तोंड ७८ बाय ६१ मिमी, बीम साधारण १७ अंश बाय १५ अंश. दुसरा, त्याच जातीचा पण छोटा, तोंड ३४ बाय ४७, आडवा बीम ४० अंश आणि उभा २० अंश, गेन १५ च्या पुढेमागे. तो पितळी पत्र्यातून करून घेणार. तिसरा थ्रीडी प्रिंट केलेला, माप पहिल्याचंच. चौथा गोल तोंडाचा, एकतर कोरुगेटेड (आतून खाचा असलेला) किंवा पॉटर (आतून गुळगुळीत, घशात एक पायरी असलेला).

डबल रिज्ड हॉर्नचा विचार लगेच सोडला. १ ते १८ गिगाहर्ट्झ असा प्रचंड पट्टा तो देतो पण वरच्या टोकाला त्याचा बीम फुटायला लागतो, आणि आपण नेमके त्याच टोकाला आहोत. १७.२ मध्ये २०० मेगाहर्ट्झ म्हणजे जेमतेम सव्वा टक्का बँडविड्थ, त्यासाठी वाइडबँड हॉर्न घेण्यात काहीच अर्थ नाही.

गेनबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. युरोपात १७.१ ते १७.३ हा पट्टा ह्याच प्रकारच्या रडारसाठी मोकळा आहे पण २६ डीबीएम ईआयआरपीची (हॉर्नचा गेन धरून बाहेर पडणारी पॉवर) मर्यादा आहे. म्हणजे ट्रान्समिटला २० डीबीआयचा हॉर्न लावला की आत पॉवर ६ डीबीएमच द्यायची. हॉर्नचा गेन वाढवला की पॉवर तेवढीच उतरवावी लागते, फायदा शून्य. गेनचा खरा फायदा फक्त रिसीव्हच्या बाजूला. तुमच्याकडे नियम वेगळा असेल तरी तो आधी बघा आणि मग हॉर्न निवडा.

२ फेब्रुवारी

पहिल्या हॉर्नचा रिटर्न लॉस (हॉर्नकडून मागे फिरणारा सिग्नल किती खाली आहे, आकडा मोठा तेवढं चांगलं) ११ डीबी. माझी अपेक्षा २० ची होती. बरेच दिवस हॉर्नवरच संशय होता, तोंडाच्या कडा तपासल्या, फ्लँज घासून सपाट केली, काही फरक नाही.

शेवटी व्हीएनए १२.४ ते १८ असा पूर्ण पट्टा फिरवून टाइम डोमेनमध्ये, म्हणजे परावर्तन किती अंतरावरून येतंय ते, बघितलं. ५.६ गिगाहर्ट्झच्या स्वीपला साधारण २७ मिमीचं रिझोल्यूशन मिळतं (वेव्हगाईडच्या, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीच्या, आत थोडं कमीजास्त होतं, पण ओळखायला पुरेसं आहे). २०० मेगाहर्ट्झच्या स्वीपमध्ये सगळं एकाच ढिगात दिसत होतं, इथे दोन शिखरं वेगळी झाली. मोठं शिखर हॉर्नच्या तोंडाशी नव्हतंच, ते कोअॅक्स ते वेव्हगाईड अॅडॉप्टरमध्ये होतं. आतली पिन आणि मागची भिंत ह्यातलं अंतर चुकीचं. वेव्हगाईड १५.८ बाय ७.९ मिमीचा, त्यात १७.२ ला गाईडमधली तरंगलांबी २०.९ मिमी येते, म्हणजे मागची भिंत पिनपासून साधारण ५.२ मिमीवर हवी. आमच्या अॅडॉप्टरची भिंत पट्ट्याच्या मध्यासाठी, १५ च्या आसपास ट्यून केलेली होती. भिंतीला पितळी शिम लावून आणि पिन थोडी घासून २२ डीबीवर आणलं.

तुम्ही करत असाल तर अॅडॉप्टर आधी मॅच्ड लोड (सगळा सिग्नल गिळणारा तुकडा) लावून एकटा मोजा. हॉर्नला हात लावायचं कामच पडणार नाही.

११ फेब्रुवारी

थ्रीडी प्रिंटवाला हॉर्न.

पहिला तुकडा अरुंद बाजूच्या कडेवर जोड ठेवून छापला होता कारण छापायला तसा सोपा जातो. आतून निकेलचा कंडक्टिव्ह रंग. गेन पहिल्या हॉर्नपेक्षा ३ डीबीहून जास्त खाली. ह्यात दोन कारणं मिसळली होती. एक म्हणजे जोडाची जागा. वेव्हगाईडमध्ये रुंद भिंतीच्या बरोबर मध्यरेषेवरून करंट आडवा ओलांडून जात नाही, त्यामुळे कापायचं तर तिथेच कापायचं. कडेवर कापलं की करंट त्या फटीवरून जातो आणि सिग्नल बाहेर गळतो. दुसरं, रंग. १७ गिगाहर्ट्झला तांब्यात करंट जेमतेम अर्धा मायक्रॉन खोल जातो, म्हणजे जे काही चालतं ते पृष्ठभागावरच, आणि निकेलच्या रंगाचा पृष्ठभाग म्हणजे कण कण चिकटवलेली वाईट तार.

मध्यरेषेवर कापून नवीन छापला, आतून बारीक पॉलिश पेपर मारला, तांब्याचं प्लेटिंग करून घेतलं. आता फरक अर्ध्या डीबीच्या आत. खूष होतो.

मग तो दुपारभर उन्हात राहिला. मटेरियल पीएलए, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बंद काळ्या डब्यात ते तापमान गाठायला वेळ लागत नाही. खालची भिंत बसली, बीम दोन अंश सरकला. एएसए किंवा तसं उष्णता सोसणारं मटेरियल घेऊन परत करता येईल पण प्लेटिंगचा खर्च धरला तर पितळी पत्र्याचा सोल्डर केलेला हॉर्न स्वस्त पडतो. प्रिंट इथे थांबवला. प्रयोगशाळेत आकार पटकन तपासायला उत्तम, डोंगरासमोर कायम ठेवायला नाही.

२५ फेब्रुवारी

कोरुगेटेड हॉर्नचं कोटेशन आलं, साध्या हॉर्नच्या कित्येक पट. आतल्या खाचा पाव तरंगलांबीच्या म्हणजे ४.४ मिमी खोल, त्या आतून कातायच्या म्हणजे मशीनचा वेळ प्रचंड. बीम एकदम गोल आणि साइडलोब (मुख्य बीमच्या बाजूला गळणारे छोटे बीम) अगदी कमी मिळतात हे खरं, पण त्याचं मुख्य बलस्थान हे की ते विस्तृत पट्ट्यात तसंच राहतं. आपल्याला तो पट्टा नकोच आहे.

म्हणून पॉटर. पी. डी. पॉटर ह्यांनी १९६३ मध्ये मांडलेली रचना: गुळगुळीत गोल हॉर्न, घशात एकच पायरी. त्या पायरीमुळे दुसरा मोड (नळीतल्या फील्डची वेगळी रचना) तयार होतो आणि तोंडाशी दोन्ही मोड योग्य फेजमध्ये पोचले तर ई-प्लेनचे (विद्युत क्षेत्राच्या दिशेतला बीमचा छेद, त्याला काटकोनातला तो एच-प्लेन) साइडलोब एकमेकांना मारतात. दोष हा की हे अरुंद पट्ट्यातच जमतं. आमच्या सव्वा टक्क्याला तो दोष लागूच होत नाही.

पायरी व्यास १७.८ वरून २२.६ मिमी, तोंड ७४ मिमी. लेथवाल्या काकांना ड्रॉइंग दाखवलं, ते म्हणाले, "पायरीला ०.०५ मिमी देतो, पण दोन्ही भोकं एकाच सेंटरला हवी असतील तर एकाच सेटिंगमध्ये करू, जॉब काढून परत लावला की सेंटर गेलंच." बरोबर होते. पायरी जरा जरी एका बाजूला सरकली तर नको ते मोड उठतात आणि बीम वाकडा होतो. पायरीनंतरचा सरळ भाग मुद्दाम थोडा जास्त लांब ठेवायला सांगितला, तो कमी करत करत ट्यून करता येतो, वाढवता येत नाही.

१० मार्च

टर्नटेबलवर बीम मोजले. सगळ्यात मोठ्या तोंडाचा कर्ण ९९ मिमी धरला तरी फार-फील्ड अंतर (ज्याच्या पुढे बीमचा आकार बदलत नाही) १.१ मीटर येतं, त्यामुळे हे काम मोठ्या खोलीतही होतं, फक्त भिंतींना अॅब्सॉर्बर हवा.

२० डीबीआय पिरॅमिडल: एच-प्लेनमध्ये पहिला साइडलोब २२ ते २३ डीबी खाली, छान. ई-प्लेनमध्ये मात्र जेमतेम ११ डीबी खाली, आणि तो धड लोबही नाही, बीमला खांदा फुटल्यासारखा. हे पुस्तकात असतंच, कमीत कमी लांबीत जास्तीत जास्त गेन काढायला हॉर्न जास्त उघडला की ई-प्लेनला असंच होतं. कागदावर वाचताना मी त्याला फारसं महत्त्व दिलं नव्हतं.

छोटा पिरॅमिडल: तीच तऱ्हा, फक्त सगळं रुंद.

पॉटर: पहिल्या मोजणीत खांदा होताच. सरळ भाग थोडा थोडा कमी करत गेलो आणि एका लांबीला ई-प्लेनचा खांदा गायब, दोन्ही प्लेन जवळजवळ एकसारखे, २५ डीबीच्या खाली. बीम साधारण १७ अंश.

२२ मार्च

साइटवर, कोरडी हवा. पहिला हॉर्न, उभं पोलरायझेशन (लाटेचं विद्युत क्षेत्र उभं), दोन हॉर्न शेजारी शेजारी, तोंड १२ अंश वर. चित्र सुंदर आलं, दोन्ही रिफ्लेक्टर टाचणीसारखे. दोघांमधला फेजचा फरक दिवसभर २ अंशांच्या आत. म्हणजे ०.०५ मिमी. छोट्या हॉर्ननेही जवळपास तेवढंच, २०० मीटरला सिग्नल एवढा भरपूर आहे की ५ डीबी गेन कमी असूनही काही बिघडत नाही.

कोरड्या दिवशी सगळेच हॉर्न चांगले.

२७ मार्च

पाऊस. दोन्ही रिफ्लेक्टरची फेज २५ ते ३० अंशांनी उडाली, आणि पावसाच्या जोराप्रमाणे खालीवर. सगळ्यांचं बोट हॉर्नच्या तोंडावरच्या पाण्याकडे, कारण तोंडाला पातळ पॉलिकार्बोनेट लावलंय, तोंड वर बघतंय, थेंब सरळ त्यावर पडतायत.

पण दोघांमधला फरक काढला तर त्यातही ९ अंश सरकलेले दिसले. आणि पाऊस थांबला, तोंडं पुसली, तरी ते ९ अंश तसेच. मग दुपारभर हळूहळू मूळ जागी परत आले.

मला ह्याचीच धास्ती वाटली. फेज एकदम उडाली तर कोणीही म्हणेल की काहीतरी बिघडलं. पण तासन् तास हळूहळू सरकणारी फेज हुबेहूब सरकणाऱ्या उतारासारखी दिसते. ९ अंश म्हणजे ०.२ मिमी, आणि तेही पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे नेमकं जेव्हा दरडीची भीती सगळ्यात जास्त तेव्हा.

२ एप्रिल

कारणं वेगळी केली.

आधी फक्त हॉर्नची तोंडं स्प्रेने ओली केली, बाकी सगळं कोरडं. दोन्ही रिफ्लेक्टरची फेज वीसेक अंश उडाली पण दोघांची जवळपास सारखीच, फरक काढल्यावर एक-दीड अंश उरला. म्हणजे तोंडावरचं पाणी वाईट आहे, सिग्नल खातं, एका फेरीतच पहिल्या आणि शेवटच्या थांब्यात बदलतं, पण संदर्भाच्या रिफ्लेक्टरने त्यातलं बरंचसं वजा होतं. हवेतल्या ओलाव्याचंही तसंच. हवेचा अपवर्तनांक दशलक्षात एकाने बदलला तर २०० मीटरला ०.२ मिमीचा भास होतो, पण दोन्ही रिफ्लेक्टर जवळपास तेवढ्याच अंतरावर, त्यामुळे वजा होतो.

मग तोंडं कोरडी ठेवली आणि समोरच्या काँक्रीटवर पाइपने पाणी मारलं. बरोबर ८ ते ९ अंश, फक्त वरच्या रिफ्लेक्टरला.

हिशोब केल्यावर सगळं जुळलं. रडार १.२ मीटरवर, वरचा रिफ्लेक्टर ३० मीटरवर, अंतर २०० मीटर. जमिनीवरून उसळून जाणारा किरण रडारपासून ७.७ मीटरवर जमिनीला लागतो, म्हणजे ऐन काँक्रीटवर, ९ अंशांच्या कोनात. ह्या वाटेची जास्तीची लांबी ०.३६ मीटर, जाता-येता एकदाच उसळला तर अंतरात ०.१८ मीटरचा फरक. आपलं रिझोल्यूशन ०.७५. म्हणजे उसळलेला सिग्नल आणि सरळ सिग्नल एकाच खान्यात पडतात, कुठलंही प्रोसेसिंग त्यांना वेगळं करू शकत नाही. खालच्या रिफ्लेक्टरचा किरण मात्र २१ मीटरवर उंच गवतात लागतो आणि विखरून जातो, म्हणून त्याला काही झालं नाही.

आणि हॉर्न? तो १२ अंश वर बघतोय, किरण ९ अंश खाली जातोय, म्हणजे बीमच्या मध्यापासून २१ अंश खाली. २० डीबीआय हॉर्नचा ई-प्लेनचा खांदा बरोब्बर तिथे आहे. गेन जास्त म्हणून निवडलेला हॉर्न आपला सगळ्यात वाईट साइडलोब समोरच्या काँक्रीटवर रोखून बसला होता.

वरून पोलरायझेशनचा फटका. कोरड्या काँक्रीटचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (विद्युत क्षेत्राला मटेरियल किती प्रतिसाद देतं तो आकडा, हवेचा जवळपास एक) ५.५ आणि ओल्याचा २० धरून बघा. ९ अंशांना उभ्या पोलरायझेशनचं परावर्तन कोरड्यावर ०.४ च्या थोडं वर आणि ओल्यावर ०.२ च्याही खाली येतं. निम्म्याहून कमी. आडव्याचं ०.८६ वरून ०.९३, म्हणजे मुळात जास्त पण ओलं-कोरडं फारसा फरक नाही. आपल्याला स्थिर परावर्तनाचा त्रास नाही, बदलणाऱ्याचा आहे.

६ एप्रिल

तोच २० डीबीआयचा हॉर्न ९० अंश फिरवून लावला, बाकी काहीही बदललं नाही. आता ई-फील्ड आडवं, आणि उभ्या दिशेला एच-प्लेन, ज्याचा साइडलोब २२-२३ डीबी खाली आहे. काँक्रीटवर तेवढंच पाणी मारलं. वरच्या रिफ्लेक्टरची फेज १ अंशाच्या आत राहिली.

खर्च चार स्क्रू काढून परत लावण्याचा.

साहजिक प्रश्न, मग तो खराब ई-प्लेन आता आडव्या दिशेला गेला, त्याचं काय? तो तिथे राहू दे. रूळ आडवा आहे. डावी-उजवीकडून साइडलोबमधून जे काही येतं ते सार (एसएआर, रुळावरच्या सगळ्या मोजण्या जोडून चित्र बनवायची पद्धत) प्रोसेसिंग त्याच्या त्याच्या कोनावर नेऊन ठेवतं, उतारावर सांडत नाही. अट एकच, थांबे पाव तरंगलांबीपेक्षा म्हणजे ४.४ मिमीपेक्षा जवळ हवेत. आमचे ४ मिमीचे आहेत. वेळ वाचवायला थांबे लांब केलेत तर ती घाण दुमडून परत चित्रात येते, मग मला बोलू नका.

उभ्या दिशेला मात्र आपल्याकडे रूळ नाही. खालून-वरून जे येईल ते एकमेकांत मिसळूनच येतं, आणि ते अडवायला हॉर्नशिवाय दुसरं काहीच नाही. ह्या प्रकल्पातून एक ओळ उचलायची असेल तर ही उचला. हॉर्नची तुलना करताना गेन नंतर बघा, आधी उभ्या दिशेचा पॅटर्न काढा आणि जमिनीच्या कोनावर बोट ठेवून तिथे किती डीबी आहे ते वाचा.

१३ एप्रिल

फिरवल्याने एक नवीन भानगड झाली. ट्रान्समिट ते रिसीव्ह गळती १२-१३ डीबीने वाढली. कारण शेजारी शेजारी ठेवलेले हॉर्न आता ई-प्लेनमध्ये शेजारी आहेत, आणि त्या दिशेला फील्ड तोंडाच्या कडेपर्यंत भरलेलं असतं. एच-प्लेनमध्ये ते कडेला शून्य होतं म्हणून गळती कमी. गळती वाढली की रिसीव्हरवर ताण येतोच, शिवाय तिचे रेंज साइडलोब (अंतराच्या दिशेतल्या खोट्या शेपट्या) लांबवर पसरतात. हॅन विंडोने (प्रोसेसिंगमध्ये पट्ट्याच्या टोकांचं वजन कमी करून) ते ३१ डीबी खाली जातात पण गळती स्वतःच एवढी दांडगी की तेवढं पुरत नाही.

मध्ये पत्रा उभा करून बघितला, सुधारलं पण पत्र्याच्या कडेने बीममध्ये लाटा उठवल्या. पत्रा काढला. मग हॉर्न शेजारी न ठेवता एकावर एक ठेवले, म्हणजे पुन्हा एच-प्लेनमध्ये शेजारी. गळती आधीच्या पातळीवर. गाडीचा ब्रॅकेट नव्याने करावा लागला आणि वजन वर गेल्याने गाडी डुलायला लागली, रुळाला दुसरा गाईड लावेपर्यंत चित्र पुसट येत होतं. दोन्ही हॉर्न एकत्रच सरकतात, त्यामुळे उंचीतला फरक प्रोसेसिंगला अडत नाही.

२० एप्रिल

पॉटर साइटवर. मुद्दाम उभ्या पोलरायझेशनमध्येच लावला, ज्यात पिरॅमिडल आपटला होता. काँक्रीट ओलं केल्यावर ३ अंशांच्या आत. आडव्यात तर मोजता येईना एवढं कमी. म्हणजे हॉर्न म्हणून तो सरस आहे ह्यात वाद नाही.

पण बीम गोल, १७ अंश. २०० मीटरला आडवी रुंदी ६० मीटर. आम्हाला उतार शंभर मीटर रुंद बघायचाय. इथे लक्षात घ्या, लहान रुळाच्या सारमध्ये आडवं रिझोल्यूशन रुळाच्या लांबीवर ठरतं, हॉर्नवर नाही. १.२ मीटरच्या रुळाला २०० मीटरवर साधारण दीड मीटर. हॉर्नचा आडवा बीम फक्त किती रुंद दिसेल ते ठरवतो. त्यामुळे आडवा रुंद आणि उभा अरुंद असा बीम हवा, आणि गोल तोंडातून तो निघत नाही. ज्यांना अरुंद घळ किंवा एकच कडा बघायचाय त्यांनी बिनधास्त पॉटर घ्यावा.

आम्ही ठरवलं, आडव्या पोलरायझेशनसाठीच मापलेला पिरॅमिडल. तोंड उभं ८० मिमी, आडवं ३१ मिमी. पसरट भागाची लांबी १८० मिमी, लागते त्यापेक्षा मुद्दाम जास्त, म्हणजे तोंडाशी फेज सपाट राहते आणि खांदा फुटत नाही. बीम आडवा साधारण ३० अंश, उभा १६ च्या आसपास, गेन १७ ते १८ डीबीआय. पितळी पत्रा, आतून सोल्डरचे गोळे न राहू देता. गेन पहिल्या हॉर्नपेक्षा कमी आहे आणि मला त्याची अजिबात खंत नाही.

१ मे

नवीन हॉर्न लावले. जमिनीचा त्रास संपला, पण रोज सकाळी कच्च्या फेजमध्ये एक उडी, ठरावीक वेळी. वेळ नाही, तापमान होतं ते. केबलमधलं पीटीएफई (टेफ्लॉन) १९ अंश सेल्सियसच्या आसपास आपली रचना बदलतं आणि तिथे केबलची विद्युत लांबी पटकन हलते. हॉर्नचं धातू त्यामानाने काहीच करत नाही, १०० मिमी अॅल्युमिनियम २० अंशांत ०.०५ मिमीही वाढत नाही. फरक काढल्यावर ही उडी वजा होते पण एका फेरीच्या मध्येच झाली तर चित्र पसरतं.

केबल फेज-स्टेबल घेतली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती ड्रॅग चेनमध्ये टाकून वळणाची त्रिज्या कायम ठेवली. आधी ती लोंबत होती आणि गाडीच्या जागेप्रमाणे फेज बदलत होती. जमेल त्याने व्हीएनए गाडीवरच बसवावा, आमचा रूळ तेवढं वजन पेलत नाही.

१४ मे

तोंडावरचं पाणी. हॉर्नवर छज्जा लावून बघितला, वाऱ्याबरोबर आलेला पाऊस आत येतोच, आणि धातूचा छज्जा बीमच्या जवळ नेला की उभा पॅटर्न बिघडतो, म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तेच जातं.

आता पूर्ण रूळ एका खोक्यात, समोर खिडकी. खिडकी पुढे झुकलेली, वरची कड बाहेर, त्यामुळे पाऊस तिच्यावर थेट पडत नाही आणि पडलेला टिकत नाही. दोन मटेरियल तपासली. ५.७ मिमी एचडीपीई प्लॅस्टिकचा पत्रा, म्हणजे प्लॅस्टिकच्या आतल्या अर्ध्या तरंगलांबीचा, परावर्तन कमी, पण पाण्याचे ओघळ धरतो. दुसरा थर्मोकोलचा जाड तक्ता, त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट एकच्या इतका जवळ की रडारला तो दिसतच नाही, त्याच्यावर बाहेरून पातळ पीटीएफईचा पापुद्रा ताणून बसवलेला. पाणी मोत्यासारखं घरंगळतं. जोरदार पावसात कच्ची फेज ६-७ अंश हलते, पूर्वी २५-३० हलायची. हा ठेवला.

हॉर्नच्या तोंडाचं पॉलिकार्बोनेट काढून तिथे पातळ थर्मोकोल, आणि पसरट भागात खालच्या बाजूला १ मिमीचं भोक. एवढ्या बारीक भोकातून १७ गिगाहर्ट्झ बाहेर पडत नाही पण आत जमलेलं दव निथळतं. भोक नसताना पहाटे रिटर्न लॉस हळूहळू बिघडत जायचा आणि ऊन आलं की सुधारायचा.

२८ मे

दमदार पाऊस होऊन गेला. दोन रिफ्लेक्टरमधला फरक पूर्ण वेळ २ अंशांच्या आत, काँक्रीट ओलं असताना, सुकत असताना, सगळीकडे. कोरड्या दिवसाचा जो आकडा होता तोच.

काँक्रीटवर अंथरायला खडबडीत खडी मागवली आहे. ९ अंशांच्या कोनाला १४ मिमीपेक्षा जास्त खडबडीतपणा असला की उसळणारा किरण विखरायला लागतो, म्हणजे हॉर्न जे अडवतोय त्यातलंही उरलंसुरलं कमी होईल. त्याची मोजणी उभ्या पोलरायझेशनमध्ये जुना २० डीबीआय हॉर्न लावून करणार आहे, कारण नव्या हॉर्नवर आता फरक दिसायला जागाच नाहीये.

वरचा रिफ्लेक्टर ह्या सगळ्यात मध्येच उंची बदलून १५ आणि २२ मीटरवरही लावून बघायचाय. उंची बदलली की उसळायची जागा बदलते, १५ मीटरला ती १५ मीटरच्या जरा अलीकडे गवतात जाते, २२ ला काँक्रीटच्या कडेवर. कोणी हे करत असेल तर रिफ्लेक्टर एकाच उंचीवर लावू नका, दोन्ही १० मीटरवर लावले असते तर मला काँक्रीट कधीच सापडलं नसतं.